वाकणावरची माती

भावकू भित्रा आहे, हे गावात कुणी त्याच्या पाठीमागं बोलत नाही. तोंडावरच बोलतात. कंग्राळी ओलांडून कडोलीच्या वाटेला लागलं की मार्कंडेय नदीच्या काठाला हे गाव लागतं. तिथल्या कुठल्याही कट्ट्यावर भावकूचा विषय काढला, की आधी हसू फुटतं आणि मग बोलणं सुरू होतं. हा माणूस कुत्रं आडवं आलं तर वाट बदलतो. बँकेतून फोन आला तर उभा राहून बोलतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्यानं उमेदीची सगळी वर्षं वितळलेल्या लोखंडाशेजारी काढली, पण साच्यात रस ओतायच्या वेळी तो कायम दोन पावलं मागं. बरोबरचे चिडवायचे. त्यातल्या बऱ्याच जणांच्या पायावर भाजल्याचे डाग आहेत, भावकूच्या पायावर एकही नाही. भित्र्या माणसाचं तेवढं तरी भलं होतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. मात्र गावाला ठाऊक होत्या त्या सगळ्या भीती वरवरच्या, पानावरच्या पाण्यासारख्या. खरी भीती एकच होती आणि तिचा थांग त्यानं कुणाला लागू दिला नव्हता. नदी जिथं वळसा घेते त्या वाकणावर, काठाच्या मातीत, त्याची मुलगी पुरलेली होती.

मुलगा साईराज झाला त्याच्या आधीची गोष्ट. भावकूचं लग्न नवं होतं. त्याच्या बायकोला, मालुबाईला, आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. मुलगी झाली, धडधाकट झाली, आणि बारशाच्या आधीच तिनं अंगावर प्यायचं सोडलं. गावातल्या कंपाउंडरला बोलावलं, तो आला, तोवर उशीर झाला होता. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बायका जात नाहीत. भावकूच्या चुलत्यानं फावडं खांद्यावर टाकलं. भावकूनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लेक दोन्ही हातांवर घेतली, आणि दिवस मावळताना दोघं नदीकडं गेले.

खड्डा चुलत्यानंच काढला. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या काटेरी फांद्या घातल्या. मग म्हणाला, चल आता, आणि मागं बघू नकोस. त्या जागेला खूण ठेवायची नाही, जागा कुणाला सांगायची नाही, आईला तर मुळीच नाही. आईला जागा कळली की तिचा जीव तिथं अडकतो आणि पुढची कूस उजवत नाही, असं जुनी माणसं सांगत. भावकूनं मागं बघितलं नाही. तो असा माणूस, की त्याला नको म्हटलेली गोष्ट त्यानं जन्मात केली नाही.

घरी आल्यावर मालुबाईनं एकदाच विचारलं, कुठं ठेवलं. सासू म्हणाली, देवाघरी. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही आणि भावकूनं कधी सांगितलं नाही. पुढं साईराज झाला, वाढला, शिकला, कामाला लागला. चुलताही मरून गेला. त्या जागेचा जाणता म्हणून भावकू एकटाच उरला.

नदी तेव्हा काठापासून चांगली खाली आणि लांब होती. काठावर करंज होते, वाळुंज होते, उंबर होते, त्यांच्या मुळ्यांनी माती घट्ट धरलेली होती. मग वीटभट्ट्या आल्या. नदीकाठच्या चिकण मातीला चांगला दर मिळतो म्हटल्यावर माणसांनी आपापल्या बांधापुढची माती विकली, आणि माती गेली तशी झाडंही भट्टीतच गेली. कुणी एकानं केलं असं नाही, गावानंच केलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला कुणाची मदत लागत नाही. एकोणीस सालच्या पुरानंतर तर काठ उघडाबोडका झाला. दर पावसाळ्यात नदी हात-दोन हात काठ खायची, कुठं कुठं बैलगाडी मावेल एवढा.

काठ पडतो तेव्हा मोठा आवाज होत नाही. आधी जमिनीला केसाएवढी भेग दिसते. मग ती बोटभर होते. मग पोतं खांद्यावरून टाकावं तसा एक दबका आवाज येतो आणि मघाशी होती ती जागा नसते. भावकूनं हे लांबून कितीदा पाहिलं होतं, आणि दर खेपेला त्याच्या काळजाचं पाणी झालं होतं. एक ना एक दिवस वाकण ढासळणार, आत ठेवलेलं उघड्यावर येणार, आणि खालच्या घाटावर मालुबाई वाकळा धुवत असताना ते वाहत तिच्या पुढ्यात येणार. हे चित्र डोळ्यांपुढं आलं की तो ताटावरून उठायचा. इतक्या वर्षांनी मातीत काय राहिलं असणार, हे त्यालाही कळत होतं. पण भीतीला शहाणपण शिकवता येत नाही.

पावसाळा लागला की तो रोज सकाळी शेताच्या बांधावर उभा राहून वाकणाकडं बघायचा. लांबूनच. इतक्या वर्षांत तो त्या जागेच्या जवळ गेला नव्हता. जागा ध्यानात होती ती एका खुणेवर, काठावरच्या करंजावर. त्या करंजाचंही आता मोडून नुसतं खोड राहिलं होतं.

अशात त्याच्या सुनेनं काठ बांधायचं मनावर घेतलं. रचना शहरातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या, आणि दोघांपुढंही तिचं तोंड चालतं. नदीकडं जाणारी गाडीवाट पुरात निम्मी तुटली तेव्हा गावानं रीतसर निवेदन दिलं. निवेदनं देण्यात या भागाचा हात कोण धरणार. सीमाप्रश्नाच्या दोन पिढ्या त्यातच पिकल्या. सिमेंटची भिंत मंजूर होईल म्हणून सगळे वाट बघत बसले, आणि नदी काही वाट बघत बसली नाही. तेव्हा रचनानं कुमार सरांना गाठलं. मृदा संधारणात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस स्कूटरवरून आला, काठानं फिरला, आणि भिंत नको म्हणाला. मुळ्या पाहिजेत म्हणाला. उभा काठ तासून उतरता करायचा, पायथ्याला मातीची पोती रचायची, कळकाच्या मेखा ठोकून त्यांच्यात निरगुडीच्या फांद्यांचा कूड विणायचा, आणि वर वाळ्याचं गवत लावायचं. कूड म्हटल्यावर म्हाताऱ्यांना बरं वाटलं. कुडाच्या भिंतीतच त्यांचा जन्म झाला होता.

देवळात बैठक बसली. दर रविवारी श्रमदान करायचं ठरलं, पण सुरुवात कुठून करायची यावर वाद पडला. ज्याला त्याला आपल्या शेताचा काठ आधी हवा होता. आणि तेव्हा मागच्या खांबाला टेकून बसलेला भावकू उठून उभा राहिला. त्याचा आवाज कापत होता.

"पैल्यांदा वाकण करूया," तो म्हणाला. "वाकण ऱ्हायलं तर बाकीचं ऱ्हातंय."

बैठकीत हशा पिकला, पण कुमार सर म्हणाले की हे बरोबर बोलले, पाण्याचा मार वाकणालाच बसतो. झालं. सगळ्यांनी मान डोलावली. भावकू खाली बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोललो.

मृगाच्या आधीपासून काम सुरू झालं. तरुण मंडळाची पोरं आली, बचत गटाच्या बायका आल्या, शाळेतून रचनाचे विद्यार्थी सायकली मारत आले. भावकूची मात्र दर रविवारी परीक्षा होती. इतकी वर्षं लांबून बघितलेल्या करंजाच्या खोडापाशी तो आता उभा होता, आणि पायाखाली काय आहे हे एकट्यालाच माहीत होतं. तिथं दुसऱ्या कुणाला तो कुदळ मारू देत नसे. पोरं फावडं घेऊन आली की हितं मी खांदतो म्हणून त्यांना बाजूला सारायचा, आणि मग स्वतः असा हळू खणायचा की जणू जमीन झोपलेली आहे. भावकूआण्णा कामाला मागं सरत नाही, असं पोरं कौतुकानं म्हणायला लागली. त्याला ते ऐकून आणखी भीती वाटायची.

सगळ्यात धास्ती मालुबाईची. बायकांची रांग पोती हातोहात पुढं द्यायची, आणि त्या रांगेत फिरत फिरत ती नेमकी करंजापाशी यायची. मग भावकू तिला काही ना काही निमित्त काढून वरच्या अंगाला पाठवायचा. तिकडं वाळा लावायला माणूस कमी आहे, तिकडं पोती मोजायची आहेत. ती जायची. वरच्या अंगाला काठावर निरगुडीचं एक जुनं, माणसापेक्षा उंच झुडूप होतं. चहाच्या वेळीही ती तिथंच सावलीला बसायची. ती तिकडं रमते बघून भावकूला हायसं वाटायचं. बायकोनं नको तिथं पाय ठेवला नाही म्हणजे मिळवली.

कूड विणून झाला, पोती बसली. तरी भावकूचं मन भरेना. कुमार सरांनी निरगुडीच्या फांद्या छाटून खोचायला सांगितलं होतं, त्या फुटतात आणि मूळ धरतात. पण फांदीला मूळ धरायला दोन महिने लागणार, आणि आषाढ तोंडावर आलेला. करंजापाशी लावायला त्याला तयार मुळ्यांचं झाड पाहिजे होतं. एका शनिवारी फाउंड्रीतल्या जुन्या सोबत्याचा हातगाडा मागून आणून तो एकटा वरच्या अंगाला गेला. ते जुनं निरगुडीचं झुडूप त्यानं चारी बाजूंनी खणलं आणि मुळांच्या गड्ड्यासकट उपटलं. मूळ खोल गेलेलं होतं, निघता निघेना. शेवटी पहारीनं ताण देऊन काढलं, गाड्यावर घालून आणलं, आणि करंजाच्या खोडाशेजारी लावून पाणी घातलं. झाड ताठ उभं राहिलं. त्या रात्री त्याला शांत झोप लागली. आता नदीची काय बिशाद, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मालुबाई कामावर आली, वरच्या अंगाला गेली आणि परत आली. करंजापाशी लावलेल्या निरगुडीकडं तिनं बघितलं. पुढं रचनाजवळ जाऊन, वरच्या अंगाला आजच कूड घालूया का, म्हणून तिनं दोनदा विचारलं. रचनाच्या हातात दुसरं काम होतं. पुढच्या रविवारी करू आत्या, ती म्हणाली. घरी आल्यावर मालुबाई जेवली नाही. भावकूनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

सोमवारी जांबोटीकडच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि दुपारी बातमी आली की राकसकोप धरणाचे दरवाजे उघडले. म्हणजे उजाडेपर्यंत नदी भरणार. एरवी गाव फावडी घेऊन धावलं असतं. पण दुसरा दिवस मंगळवार होता, आणि मंगळवारी वार.

आषाढात गाव लक्ष्मीचे पाच मंगळवार पाळतं. त्याला वार पाळणं म्हणतात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, शेतात काम करायचं नाही, जमिनीला लोखंड लावायचं नाही. देवीनं त्या दिवशी भुईवर अंग टाकलेलं असतं, फावडं मारलं तर तिला लागतं, असं समजतात. ज्यानं वार मोडला त्याच्या घरात वर्षाच्या आत काहीतरी घडतं. कुणाच्या घरात काय घडलं याच्या गोष्टी गावात पोरासोरांना पाठ आहेत, आणि भावकूला त्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ होत्या. देवस्थानचे पंच यल्लाप्पा सकाळीच देवळाच्या कट्ट्यावर येऊन बसले होते. पाणी चढताना दिसत होतं. पोरांनी विचारून बघितलं. यल्लाप्पा म्हणाले, दिवस मावळूपर्यंत कुणी हत्यार घेऊन काठाला जायचं नाही, नदीबी तिचीच आणि काठबी तिचाच. रचना शाळेत गेलेली. उलट बोलणारी ती एकटीच, बाकी कुणी तोंड उघडलं नाही.

भावकू घरात येरझाऱ्या घालत होता. मालुबाई सकाळपासून दिसली नव्हती. देवळात गेली असेल असं त्यानं धरलं. एका बाजूला देवी आणि एका बाजूला नदी, आणि मधे हा असा. गेली कितीतरी वर्षं तो दोन्हींना भीत आला होता, पण दोघींनी एकाच दिवशी त्याला असं कोंडीत धरलं नव्हतं. घरात नातवंड यायचं आहे, साईराज रोज मोटारसायकलवरून जातो, सून आहे. देवीचा कोप झाला तर कुणाचं नाव घ्यायचं? आणि नाही गेलो तर? ती तिथं उघड्यावर.

दुपार कलली तेव्हा त्यानं फावडं घेतलं, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतली, फावडं तिच्याआड लपवलं आणि मागच्या दारानं निघाला. देवळाच्या दिशेला बघायची हिंमत झाली नाही. वाटभर तो देवीची माफी मागत होता, मोठ्यानं, पावसात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून.

वाकणावर पोचला. नदी तांबडी होऊन काठाला घासत चालली होती. झाडांचे ओंडके, केळीचे खुंट, कुणाचा तरी पत्रा. करंजापाशी जाऊन त्यानं खाली बघितलं. पोती हलली नव्हती. कूड वाकला होता, पण मेखा धरून होत्या. निरगुडीचं झाड जागच्या जागी होतं. तो तिथंच चिखलात बसला. फावडं वापरावं लागलं नाही, देवीचा वार मोडला नाही, लेक सुखरूप आहे. एवढं चांगलं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मग त्यानं मान वर केली आणि वरच्या अंगाला मालुबाई दिसली.

ती काठाच्या अगदी कडेला उकिडवी बसली होती. निरगुडी काढलेल्या खड्ड्यात माती भरत होती. हातात काही नव्हतं, ना खुरपं, ना पाटी. दोन्ही हातांनी चिखलाचे गोळे ओढून आणायची, खड्ड्यात दाबायची आणि चुलीला सारवण घालावं तसं वरून थापायची. लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. तिच्या पुढं हातभर जमीन आणि त्यापुढं नदी. भावकू ओरडतच धावला.

"काय करालीस गं हितं? ऊठ. काठ खचालाय."

तिनं वर बघितलं नाही. "निरगुडी कुणी काढली?" तिनं विचारलं.

"मी. तिकडं लावली, करंजाजवळ."

"कशापायी?"

एवढ्या वर्षांचं कुलूप, असं भर पावसात कसं उघडणार. मालुबाईनं थापायचं थांबवलं. त्याच्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून तर त्याला जास्त भीती वाटली.

"तितं काय न्हाय वो," ती म्हणाली. "ती हितं हाय."

मग तिनं सांगितलं, थांबत थांबत, हातानं माती ओढत. बाळंतपणाचा महिना संपल्यावर ती सासूबरोबर सरपणाला नदीकडं आली होती. काठावर या जागेला बाभळीचे काटे पसरलेले दिसले. जवळ पीक नव्हतं, कुंपण नव्हतं. जिथं राखायला काही नाही तिथं कुणी काटे घालत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. सासू पुढं गेली तशी तिनं निरगुडीची एक डहाळी मोडून तिथं खोचली. खूण ठेवायची नसते, पण झाड काही खूण नव्हे, असं तिनं मनाशी म्हटलं. डहाळी जगली. पुढं साईराज झाला तेव्हा त्याच्या अंघोळीच्या पाण्यात घालायचा पाला ती याच झाडाचा नेत होती. बहिणीनं भावाला दिला, असं तिला वाटायचं.

भावकू ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढं काठ फिरत होता. तेव्हा वाकणावर करंज एक नव्हता, दोन होते, आणि वरचा करंज भट्टीवाल्यांनी कधीच नेला होता. त्या संध्याकाळी डोळ्यांत पाणी होतं, अंधार पडत होता, आणि मागं बघायचं नव्हतं. पुढं तो कधी जवळ आला नाही. जवळ आला असता तर कळलं असतं. भित्र्या माणसाची आठवणसुद्धा भित्री असते, लांबूनच बघते.

"मला का न्हाय बोललीस?" त्यानं विचारलं.

"तुमास्नी वाटत हुतं मला ठावं न्हाय. त्यातच तुमास्नी बरं हुतं. मला कळलंय म्हटल्यावर तुमी अर्धं झाला आसता."

एवढ्या मोठ्या गावात त्याला भित्रा म्हणणारे ढीगभर, पण त्याची भीती जपणारी ही एकटीच, आणि ते त्याला आज कळत होतं. त्यानं खोळ फेकली आणि फावडं उचललं. मालुबाईनं चिखलाच्या हातानं त्याचं मनगट धरलं.

"लोखंड नगो. वार हाय."

त्यानं फावडं टाकलं आणि तिच्याशेजारी गुडघे टेकले. दोघं हातानं माती ओढू लागली. जमतील तेवढे दगड त्यानं आणले, वाळ्याची ठोंबं उपटून आणली, करंजाजवळची दोन पोती खांद्यावरून आणून खड्ड्यात घातली. पण जी पहार त्यानं शनिवारी घातली होती तिनं माती आतून खिळखिळी केली होती. मुळं होती तिथं आता पाणी शिरत होतं. वरून थापावं आणि खालून सुटावं असं चाललं होतं. आपल्याच हातानं आपण काय केलं हे त्याला आता नीट समजलं, आणि जन्मभराच्या सगळ्या भीती एकत्र केल्या तरी त्या एका समजेएवढ्या झाल्या नसत्या.

भेग पहिल्यांदा मालुबाईला दिसली. त्यांच्या मागं, केसाएवढी. तिनं त्याचा दंड धरून मागं खेचलं. तो येईना, हात मातीतच ठेवून बसला, तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्याला धरून फरपटत ओढलं. तोच दबका आवाज आला. ते बसले होते ती जागा, खड्डा, पोती, फावडं, सगळं एकदम खाली बसलं आणि तांबड्या पाण्यात मिसळलं.

भावकूनं डोळे मिटले नाहीत. ज्या गोष्टीला तो इतकी वर्षं भ्याला ती समोर घडत होती आणि तो डोळे फाडून बघत होता. कुठं काही पांढरं दिसतं का, लुगड्याची चिंधी दिसते का. काही दिसलं नाही. माती होती, तुटलेल्या मुळ्या होत्या, पाणी होतं. पाण्यानं एक गिरकी घेतली आणि ते पुढं निघालं.

"मी काढली गं," तो म्हणाला. "मुळासकट मीच काढली."

मालुबाई पाण्याकडं बघत होती. तिचे हात अजून माती धरल्यासारखे पुढं होते. बऱ्याच वेळानं तिनं ते खाली घेतले.

"थोरली झालती की आता," ती म्हणाली. "कवातरी सासरला जायाचीच हुती."

असं म्हणाली खरी, आणि मग तिला जे रडू फुटलं ते त्यानं कधी ऐकलं नव्हतं. पोर गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, कारण त्या दिवशी तिला कुणी पोचवायला येऊ दिलं नव्हतं. मांडवातनं लेक निघताना बाया रडतात तशी ती मोठ्यानं, नाव नसलेल्या लेकीला हाका मारत रडली. भावकूनं तिला थांबवलं नाही. त्याला स्वतःलाही थांबवता आलं नाही.

मग मालुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पाणी वाहत होतं त्या दिशेनं ती काठाकाठानं चालू लागली. भावकू उठून तिच्याबरोबर निघाला. करंज मागं पडला, घाट आला. देवळाच्या कट्ट्यावर माणसं बसली होती, आणि दोघांचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले होते. यल्लाप्पा उठून उभे राहिले. वार मोडला का रं, असं त्यांना विचारायचं असावं, पण दोघांची तोंडं बघून त्यांनी एवढंच विचारलं की असल्या पाण्यात काठानं कुठं निघालास.

भावकू थांबला नाही. आवाजही कापला नाही.

"लेकीला शिवेपातूर सोडून येतो," तो म्हणाला, आणि मालुबाईला आतल्या अंगाला घेऊन स्वतः नदीच्या बाजूनं चालत राहिला.